विद्यापीठाच्या ओसरीवरचे दुकान

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९० नंतरच्या एका हिवाळ्यात आपल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर जनावरांची हाडे वाळत घातली होती. एडिंबरो विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळवून आलेल्या या प्राध्यापकांना हाडांतील फॉस्फेटपासून औषधी क्षार तयार करावयाचे होते. परंतु हाडे पडली खाटकाकडची, त्यांना मांस चिकटलेले, त्यात अवेळी पाऊस लागला, हाडे कुजली, कावळ्यांनी गच्चीचा ताबा घेतला आणि शेजारीपाजारी दुर्गंधीची तक्रार घेऊन दारात उभे राहिले. सातशे रुपयांच्या भांडवलावर १८९२ साली सुरू झालेल्या आणि पुढे १९०१ मध्ये मर्यादित कंपनीचे रूप धारण केलेल्या बेंगॉल केमिकल या कारखान्याचा आरंभ हा असा आहे. दिवसा वर्ग, संध्याकाळी कारखाना, असा त्यांचा क्रम असे.

पुढे दशकभरातच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, बढतीच्या वेळी आपणांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली म्हणून, नोकरीस रामराम ठोकून बेळगावच्या आपल्या सायकलींच्या दुकानाकडे वळले. तेथून कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर अशी मजल मारीत १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाने नोकरी राखून कारखाना काढला, दुसऱ्याने नोकरी सोडून. परंतु या दोन्ही कथांत विद्यालय हे केवळ मागच्या पडद्यावर रंगविलेल्या इमारतीसारखे आहे. आपल्याच भिंतींआड कोणी कारखानदार घडत आहे याची त्याला वार्ता नव्हती, आणि असती तरी त्या बाबीची तजवीज त्याच्या नियमावलीत नव्हती.

ती तजवीज करावी, हा विचार तसा अलीकडचा. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात मायल्स मेस या प्राध्यापकांनी नवे उद्योग कसे चालवावेत या विषयावर पहिला अभ्यासक्रम घेतला तो १९४७ साली, आणि त्याला १८८ विद्यार्थी बसले, ज्यांत महायुद्धावरून परतलेल्या तरुणांचा भरणा मोठा होता. मालाची पडतळ कशी काढावी, ताळेबंद कसा वाचावा, करारनाम्यातील कोणते कलम पुढे गळ्याशी येईल, हे वर्गात शिकविता येते, आणि शिकविलेही पाहिजे. आमच्याकडील कित्येक हुशार अभियंते कीर्द-खतावणी म्हटले की अंग चोरतात, ही गोष्ट कौतुकाची नव्हे. पण खरा उद्योजक घडतो तो बहुधा वर्गाबाहेर, आणि तेथे विद्यापीठाने शिकवावयाचे कमी नि पुरवावयाचे अधिक असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचे. तेथील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांना एकच खंत होती, की आपले उत्तमोत्तम विद्यार्थी पदवी हाती पडताच पूर्वेकडच्या मोठ्या कंपन्यांत चाकरीला जातात. त्यांनी व्याख्याने झोडली नाहीत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागलेल्या डेव्हिड पॅकार्डला शिष्यवृत्ती मिळवून देऊन परत बोलाविले आणि बिल हुलेट या दुसऱ्या विद्यार्थ्याशी त्याची गाठ पक्की केली. हुलेटने अभ्यासाचा भाग म्हणून ध्वनिलहरी निर्माण करणारे एक यंत्र बनविले होते, ज्यातील लहरींची तीव्रता स्थिर राखण्यासाठी त्याने साध्या विजेच्या दिव्याचा उपयोग केला होता; प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तार तापली की तिचा विरोध वाढतो, आणि विरोध वाढला की प्रवाह आपोआप आवरतो. महागड्या जुळणीचे काम चार आण्यांच्या दिव्याने भागले. १९३९ साली पालो आल्टोतील एका घराच्या मोटारखान्यात ५३८ डॉलरांवर या दोघांनी दुकान मांडले, आणि वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने ‘फँटेशिया’ या बोलपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी त्यांची आठ यंत्रे विकत घेतली. टर्मन यांनी दिले ते इतकेच : थोडा वेळ, थोडी शिष्यवृत्ती, प्रयोगशाळेची मुभा आणि योग्य माणसाची ओळख. याला मी मनाशी ओसरी म्हणतो. ओसरीवर बसलेला माणूस घरात नसतो आणि रस्त्यावरही नसतो. ऊन-पावसापासून त्याला आडोसा असतो, पण येणारे-जाणारे गिऱ्हाईक त्याला दिसत असते.

आपल्याकडे ही ओसरी इन्क्युबेशन सेंटर या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या आयआयटीने पवईच्या आवारात २००४ साली ‘साईन’ ही संस्था स्थापन केली. पुण्यात पाषाणच्या रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून व्हेंचर सेंटर चालू आहे. अशा ठिकाणी नवख्या उद्योजकाला बसावयास जागा, कंपनी नोंदविण्यास पत्ता, वकील आणि हिशेबनीस यांचा सल्ला, आणि क्वचित बीजभांडवल मिळते. परंतु रसायन, जीवशास्त्र किंवा यंत्रविद्या यांच्याशी गाठ असलेल्याला सर्वांत मोलाची सोय मिळते ती उपकरणांची. एखादे परीक्षणयंत्र लाखो रुपयांचे, आणि त्याचे काम असते महिन्यातून दोन दिवस. ते विकत घेण्याच्या नादात भांडवल संपविण्यापेक्षा माफक शुल्क भरून वापरता आले, तर पोराचे निम्मे मरण टळते.

साईनच्या ओसरीवरून बाहेर पडलेल्यांपैकी आयडियाफोर्ज ही कंपनी वाचकांच्या ऐकिवातील असेल. पवईच्या काही विद्यार्थ्यांनी २००७ साली ती काढली. आरंभी हाताने फिरवून मोबाइल भारित करण्याचे यंत्र केले, पुढे मानवरहित विमानांकडे, म्हणजे ड्रोनकडे, वळले. ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात खिडकीशी घिरट्या घालणारे जे यंत्र आपण पाहिले, ते यांचेच. भांडवल बाजारात ही कंपनी उतरली ती २०२३ साली, ६७२ रुपये दराने भाग विकून. पहिल्या दिवशी तो भाव जवळजवळ दुपटीवर गेला आणि पुढील काळात मूळ किमतीच्याही खाली आला. हा चढउतार बाजाराचा धर्म आहे, त्याचे मला नवल नाही. माझे लक्ष वेधून घेतात ती मधली सोळा वर्षे. तीन-चार वर्षांच्या पदवीच्या हिशेबाने विचार करणाऱ्या संस्थेला सोळा वर्षांचा धीर कोठून यावा, ही या सर्व प्रकरणातील खरी अडचण आहे.

केंद्र शासनाने २०१९ च्या सप्टेंबरात उच्च शिक्षणसंस्थांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप यांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यात या अडचणीवर काही उपाय योजले आहेत. विद्यार्थ्याला एखादे सत्र किंवा वर्ष शिक्षणातून रजा घेऊन उद्योग करता यावा, त्या कामाचे श्रेयांक मिळावेत, हजेरी अपुरी भरली तरी परीक्षेस बसू द्यावे, संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकाचा निदान एक टक्का या कामी राखून ठेवावा, अशा त्यातील शिफारशी आहेत. सर्वांत नाजूक कलम मालकीचे. विद्यार्थ्याने संस्थेच्या प्रयोगशाळेत, संस्थेच्या पैशाने काही शोध लावला, तर तो कोणाचा? पूर्वी याचे उत्तर बहुधा प्रत्येक विभागप्रमुखाच्या स्वभावावर अवलंबून असे. धोरण म्हणते, संस्थेची साधनसामग्री भरीव प्रमाणात वापरली असेल तर शोधक आणि संस्था यांची मालकी संयुक्त असावी. आणि संस्थेने जागा, नाव, अध्यापकांचे साहाय्य पुरविले असल्यास तिने कंपनीत दोन ते साडेनऊ टक्के हिस्सा घ्यावा. हा साडेनऊचा आकडा प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पण कंपनी बुडाल्यास तिचे कायदेशीर दायित्व संस्थेच्या अंगावर येऊ नये, म्हणून ही मर्यादा घातली आहे.

महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ स्थापण्याची तरतूद केली. नाव उच्चारता उच्चारता अर्धा तास जातो, हा विनोद सोडून द्या. कायद्याच्या पुस्तकात या कामाला स्थान मिळाले, ही बाब लहान नाही. मात्र कलमाचे कागदावरून वर्गात उतरणे हा प्रवास दीर्घ असतो, आणि त्यातील निम्मी वाट कारकुनाच्या मेजावरून जाते.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने मला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा परीक्षक म्हणून बोलाविले होते. अशा स्पर्धांचा मला थोडा कंटाळा आहे. पाच मिनिटांच्या पिचमध्ये कोट्यवधींची बाजारपेठ दाखविणारी पोरे आणि टाळ्या वाजविणारे पाहुणे, यांतून वक्ते पुष्कळ निघतात. परंतु तेथील एका अध्यापिकेने वेगळी अट घातली होती : प्रत्येक गटाने प्रथम वीस संभाव्य गिऱ्हाइकांना भेटावे, त्यांचे बोलणे शब्दशः वहीत उतरावे, आणि ती वही परीक्षकांपुढे ठेवावी. चौघा मुलांच्या एका गटाने जमिनीचा ओलावा मोजून मोबाइलवर कळविणारा डबा बनविला होता. डबा सुबक होता, आकडे बिनचूक येत होते. वही घेऊन ही मुले निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदारांकडे हिंडली, आणि वहीच्या सातव्या पानावर एका वृद्ध शेतकऱ्याचे बोलणे होते : “पोरांनो, माती ओली का कोरडी ते माझ्या पायाला कळतं. लाइट या आठवड्यात रात्रीची आहे. ती आली की मी मोटार चालू करणार, ओल असो नाहीतर नसो. तुमचा डबा लाइट कधी येणार ते सांगतो का?”

मुलांनी पुढच्या तेरा पानांवर तेच उत्तर निरनिराळ्या शब्दांत ऐकले. मग त्यांनी वीज येताच पंप चालू करून मोबाइलवर वर्दी देणाऱ्या यंत्राचा विचार केला, तर तसले ऑटो स्टार्टर तालुक्याच्या दुकानात आधीपासून टांगलेले. त्यांच्यापेक्षा स्वस्त देणे जमेना, चांगले देणे जमेल याची खात्री पटेना. डब्यावर खर्च झाले होते अकरा हजार रुपये, तेही महाविद्यालयाच्या अनुदानातून; कोणाच्या बापाची जमीन तारण पडली नव्हती.

नवख्या उद्योजकाला पैशापेक्षा पहिल्या गिऱ्हाइकाची गरज अधिक असते, हे शासनालाही अलीकडे उमगलेले दिसते. महाराष्ट्र राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ उपक्रमांना बक्षिसाचा धनादेश न देता शासकीय विभागांत आपले उत्पादन वापरून दाखविण्यासाठी आरंभीच्या वर्षांत पंधरा लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले. डिस्नेच्या आठ यंत्रांनी जे केले, तेच येथे सरकारी खात्याकडून व्हावे, अशी ही योजना आहे. विद्यापीठांना हे करणे अशक्य नाही : वसतिगृहाचे पाणी, भोजनालयाचा ओला कचरा, ग्रंथालयाची नोंदणी, परीक्षा विभागाचे दप्तर, इतक्या अडचणी आवारात असताना त्यांच्या निविदा बाहेरच्यांस देऊन आपल्या विद्यार्थ्यांना मात्र चषक वाटणे, हा व्यवहार मला उलटा वाटतो.

त्या चौघांचा अहवाल मी शेवटपर्यंत वाचला. पडतळ होती, वहीतील उतारे होते, दुकानातल्या स्टार्टरांच्या किमतींचा तक्ता होता, आणि अखेरच्या पानावर निष्कर्ष होता : हा व्यवसाय करण्याजोगा नाही. अध्यापिकेने आणि मी मिळून त्या गटास सर्वाधिक गुण दिले. दुपारी कार्यालयातील लिपिक महाविद्यालयाच्या वार्षिक तपशिलाचा छापील तक्ता घेऊन आले. त्यात स्पर्धा किती, व्याख्याने किती, नोंदलेल्या कंपन्या किती, असे रकाने होते. “मॅडम, यांचं कुठे लिहू?” त्यांनी विचारले. अध्यापिकेने तक्ता उलटसुलट करून पाहिला. मग लिपिकांनी कंपन्यांच्या रकान्यात शून्य लिहिले आणि खाली सही घेतली.