खताच्या पोत्याचा एक धागा अन् परदेशातला सौदा : कापसाच्या मानकांची कटती कोणाच्या पट्टीत?

दर्यापूर (प्रतिनिधी) : वेचणीच्या दिवसांत खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही वावरात जा, धुऱ्यावर खताची रिकामी पोती पडलेली दिसतात. ओटी भरली की कापूस पोत्यात रिचवायचा, दाबायचा, सांजेला घरी आणायचा. पोतं जुनं, उन्हानं कडक झालेलं, कडेचे धागे सुटलेले. त्यातला बोटभर धागा कापसात गेला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. कापूस पांढरा, धागाही पांढरा.

हा धागा प्लास्टिकचा असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, पण धागा रुईसोबतच राहतो. पुढे सूतगिरणीच्या यंत्रात त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते सुतात गुंततात. तिथवरही दिसत नाहीत. दिसतात ते कापड रंगवल्यावर. सूत रंग पितं, प्लास्टिक पीत नाही. निळ्या कापडावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि परदेशातला खरेदीदार तो माल नाकारतो. मग गिरणीवाला पुढच्या सौद्यात भारतीय रुईचा भाव पाडून मागतो. जगभरातल्या गिरण्यांना विचारून कापसातल्या भेसळीची पाहणी केली जाते, त्यात भारतातल्या कापसाचं नाव बरीच वर्षं जास्त भेसळीच्या बाजूला येत आलं आहे. गुटख्याच्या पुड्या, चॉकलेटचे कागद, केस, सुतळी, कोंबडीची पिसं, सगळंच सापडतं.

दर पडले की गावात आयात शुल्काची चर्चा होते, ती बरोबरच आहे. पण शुल्काशिवाय दुसरी एक गोष्ट आंतरराष्ट्रीय व्यापार अडवते किंवा मोकळा करते. ती म्हणजे मालाची मानकं.

मानक वेगळं, नियम वेगळा

मानक म्हणजे माल कसा असावा याचं लिहून ठेवलेलं माप. ते पाळणं ऐच्छिक असतं. पण सरकारनं कायद्यानं सांगितलं की या मापाशिवाय माल विकताच येणार नाही, की त्याचा तांत्रिक नियम होतो. गॅस सिलिंडरवरचा किंवा हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का हे रोजचं उदाहरण.

1995 साली जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा अशा नियमांसाठी वेगळा करार झाला. कारण उघड होतं. शुल्क कमी करायचं अन् मागच्या दारानं असा नियम करायचा की बाहेरचा माल आतच येऊ नये, हे कोणत्याही देशाला जमू शकतं. करार सांगतो की नियम करा, पण देशी आणि परदेशी मालाला एकच लावा, गरजेपेक्षा जास्त जाचक ठेवू नका आणि लागू करण्याआधी बाकी देशांना कळवून त्यांचं म्हणणं ऐका. खाण्याच्या मालातल्या औषधांचे अंश आणि किडी-रोगांसाठी जोडीला दुसरा करार आहे.

कागदावर हे ठीक वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याच राज्यातल्या द्राक्षवाल्यांनी 2010 मध्ये पाहिलं. द्राक्षावर वाढ रोखायला क्लोरमेक्वॅट क्लोराईड, म्हणजे बोलीतलं सीसीसी, वापरत. युरोपात त्याची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. निर्यातीआधीच्या आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच. कंटेनर निघाले, तिकडे तपासले गेले आणि अडकले. त्यानंतर यादी वाढवली गेली. निर्यातीच्या द्राक्षबागेची प्लॉटनिहाय नोंदणी त्याआधीच सुरू झालेली होती. आज पेटीवरच्या क्रमांकावरून माल कोणत्या बागेतला ते सांगता येतं. बागायतदार हे सगळं सोसतो, कारण निर्यातीचा दर त्याच्या हातात पडतो.

कापसाचं गाडं नेमकं इथंच अडतं.

मानक जिनिंगच्या फाटकापर्यंत

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. गठाण 170 किलोची. म्हणजे एका गठाणीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. पण जिनिंगच्या आवारात पाच क्विंटलची वेगळी गंजी कोणी लावत नाही. खेडा खरेदीवाल्याची गाडी, अडत्याचा माल, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, सगळं एकाच ढिगात. एखाद्या बाईनं सुती धडप्यात निवडून वेचलेला कापूस आणि खताच्या पोत्यात कोंबलेली फरदड तिथं एक होते. ढीग जेवढा खराब, तेवढा सगळ्यांचा भाव खराब. चांगल्याचा फायदा मात्र वेगळा काढताच येत नाही.

ओलाव्याचं तसं नाही, कारण तो यंत्रावर मोजला जातो. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलावा हा पाया धरतात. 2025-26 मध्ये लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये. ओलावा एक टक्का वाढला की भावातून एक टक्का, म्हणजे 81 रुपये 10 पैसे जातात. 12 टक्के भरला तर हाती 7,785 रुपये 60 पैसे. त्याच्या वर गेला तर माल परत. हिशोब कडक आहे, पण निदान समजतो. प्लास्टिकच्या बाबतीत शेतकऱ्याच्या पट्टीवर असा रकानाच नाही. खासगी व्यापारी माल पाहून अंदाजानं भाव तोडतो. स्वच्छ कापसाला वरचे पैसे कोणत्या हिशोबानं द्यायचे, हे कुठंच लिहिलेलं नाही.

एके काळी लिहिलेलं होतं. 1972 च्या एकाधिकार खरेदीत पणन महासंघाच्या केंद्रावर ग्रेडर बसायचा आणि प्रतीप्रमाणे भाव ठरायचा. त्या योजनेत भानगडी कमी नव्हत्या, ग्रेडरच्या नावानं बोटं मोडणारे म्हातारे अजून गावोगाव सापडतील. पण प्रत शेतकऱ्याच्या समोर ठरत होती, एवढं खरं.

तक्रार तर त्याहून जुनी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस परदेशी बाजारात 'ओमरा' नावानं ओळखला जायचा. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याबरोबर गठाणीत पाणी, माती, सरकी घालण्याचे प्रकारही वाढले. त्यावर 1863 मध्ये मुंबई सरकारनं कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणं सक्तीचं केलं. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला गाडीनं दर्यापूरवरून कापूस नेला त्या काळातही गठाण ओळखली जायची ती प्रेसच्या नावानं. वावराचं नाव तेव्हाही नव्हतं.

आता पुन्हा गठाणीवर शिक्का आणायचं चाललं आहे. 2023 मध्ये केंद्रानं कापूस गठाणींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यानुसार आयएस 12171 या मानकाप्रमाणे तपासलेली आणि बीआयएसची खूण असलेली गठाणच विकायची. जिनिंगवाल्यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की कापूस येतो तो शेतकरी आणेल तसा. यंत्रानं काडीकचरा कमी करता येतो, धाग्याची लांबी नाही वाढवता येत. अंमलाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण उद्या आदेश लागू झाला तर तपासणीचा खर्च जिनिंगवाला स्वतःच्या खिशातून भरेल असं समजणं भोळेपणाचं होईल. तो खरेदीच्या भावातच धरला जाईल.

दुसरा रस्ता ऐच्छिक मानकाचा. 7 ऑक्टोबर 2020 ला भारतीय कापसासाठी 'कस्तुरी' हा ब्रँड जाहीर झाला. डिसेंबर 2022 मध्ये सीसीआय आणि कापड निर्यातदारांची संस्था टेक्सप्रोसिल यांनी त्यासाठी करार केला. धाग्याची लांबी, मजबुती, कचरा असं सगळं मापात बसलं तर गठाणीला क्यूआर कोड मिळतो. मोबाईल धरला की पुढची साखळी दिसते. पण कोड लागतो गठाणीला, म्हणजे खूण सुरू होते जिनिंगपासून. अमेरिकेत जवळपास प्रत्येक गठाण सरकारी प्रयोगशाळेत तपासली जाते आणि खरेदीदार कागद पाहून दूर बसून सौदा करतो. त्या कागदाची किंमत त्यांच्या कापसाला मिळते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रुई तपासण्याचं यंत्र लांबी, मजबुती, मायक्रोनेअर, रंग, कचरा मोजतं. प्लास्टिकचा धागा ते पकडत नाही. गिरण्या त्यासाठी वेगळी यंत्रं लावतात किंवा बाया बसवून हातानं निवडतात, आणि तोही खर्च शेवटी रुईच्या भावातून निघतो. म्हणून वावरात जे थांबलं तेच खरं थांबलं. दव सुकल्यावर वेचणी, पोत्याऐवजी सुती धडपं किंवा जुनं लुगडं, कवडी आणि फरदड वेगळी, पुड्या वावराबाहेर. यात पैसा फारसा लागत नाही, मजुरीचा वेळ मात्र वाढतो. वेचणी किलोवर असेल तर निवडून वेचणाऱ्या बाईचंच नुकसान होतं, हेही मान्य केलं पाहिजे.

ते पैसे परत यायचे तर कापूस ढिगात न मिसळता रुई करून विकावा लागतो. काही शेतकरी कंपन्या जिनिंगला मजुरी देऊन स्वतःच्या गठाणी करून घेतात, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतात आणि कागदासह विकतात. सरकी वेगळी विकली जाते. बाजारातला लॉट साधारण 100 गठाणींचा, म्हणजे 500 क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी 5 क्विंटल धरले तर 100 एकर. पंचवीस-तीस जणांनी एकाच जातीचं बियाणं लावलं आणि पहिली-दुसरी वेचणी एकत्र ठेवली तर एका गावातून असा लॉट उभा राहतो. मात्र रुई विकून पैसे यायला वेळ लागतो. तोवर घरखर्च आणि बँकेचा हप्ता कशातून भागवायचा, हे त्या पंचवीस-तीस जणांना बियाणं घेण्याआधीच ठरवावं लागेल.