पायांना ताल हवा, कानांना भान हवे

पोलीस भरतीची चाहूल लागली की विदर्भात गावोगावी पहाटेचे रस्ते जागे होतात. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवरचे हिंगणी हे अशाच गावांपैकी एक. मजुरी करणाऱ्या घरातील मुलामुलींना जिमची फी परवडतेच असे नाही. रस्ता मात्र फुकट आहे, आणि मोबाईलमधले भीमगीतही जवळजवळ फुकटच. कानात गाणे लावून पोरे धावत सुटतात आणि घरची मोठी माणसे विचारतात, "हा व्यायाम आहे की करमणूक?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या आजीकडेच मिळेल. पहाटे उठून पायलीभर दळण दळायचे ते ओव्यांच्या सोबतीने. ओवी सुरू झाली की जात्याचा खुंटा आपोआप लयीत फिरे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात 1996 साली बाबासाहेबांवरच्या अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. श्रमाला गाण्याचा आधार ही आपल्या आयाबायांची जुनी रीत आहे.

कवायतीचेही तसेच. समता सैनिक दलाच्या संचलनात पाऊल पडते ते तालावर. जलद चालीत मिनिटाला सुमारे 120 पावले पडतात. लोककवी वामनदादा कर्डक (1922–2004) मुंबईत कामगार म्हणून राबले आणि समता सैनिक दलातही वावरले. कवायत आणि गाणे आपल्याकडे एकाच अंगणात वाढले, ते असे.

शास्त्रही हेच सांगते. लिओनार्ड आयर्स या संशोधकाने 1911 साली न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतील नोंदी प्रसिद्ध केल्या. बँड वाजत असताना स्वारांचा सरासरी वेग ताशी 19.6 मैल भरला, तर बँड थांबल्यावर 17.9 मैल. पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याचे सार असे : पाऊल ठेक्याशी जुळले की ताकद वाया जात नाही, मन थकव्यावरून थोडे हलते आणि तेवढेच श्रम कमी वाटतात. आपल्या आवडीचे, आपल्या आठवणीतले गाणे अधिक उपयोगी पडते.

भीमगीतांचे बळ इथेच आहे. मे 2015 मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. जे गाणे वाजवण्याची अशी किंमत मोजावी लागली, ते आपल्याला निव्वळ करमणूक कसे वाटेल? ते ऐकताना पाठ आपोआप ताठ होते.

पण गाण्याला मर्यादाही आहे. दम लागेपर्यंत जोरात धावताना शरीराचीच हाक मोठी होते आणि गाण्याचा असर उतरतो. शिवाय मुलांच्या 1600 मीटर आणि मुलींच्या 800 मीटर धावण्याच्या चाचणीत कानाला मोबाईल लावता येत नाही. वर्षभर फक्त गाण्यावर धावलेल्याचे पाय त्या दिवशी बावरतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस गाण्याविना, घड्याळ लावून धावावे. तोच ठेका मनात मोजावा.

गाणे कसे निवडावे? पंधरा सेकंदांत किती ठेके पडतात ते मोजावे आणि त्याला चाराने गुणावे. अंग मोकळे करताना संथ गाणे घ्यावे. भराभर चालायला किंवा हलके धावायला 120 ते 140 ठेक्यांचे चालते. जोर-बैठकांना मध्यम लयीचे बरे, कारण घाईत जोर अर्धवट निघतात. व्यायाम संपल्यावर पुन्हा संथ लय घ्यावी, म्हणजे श्वास खाली बसतो.

आता घरच्यांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट. हिंगणीपासून जवळच असलेल्या बोर अभयारण्याला 2014 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा भागात अंधारात, दोन्ही कान बंद करून एकट्याने धावणे म्हणजे संकटाला बोलावणे. मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही आणि झुडपातली सळसळही नाही. उजाडल्यावर धावा, चौघे मिळून धावा, एक कान मोकळा ठेवा. शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज फार मोठा आहे असे समजा.

त्याहून चांगला उपाय आपल्या हातात आहे. वस्तीतील विहाराचे अंगण सकाळी तासभर व्यायामाला द्यावे. वंदना झाली की एक छोटा स्पीकर, दोऱ्या, सतरंज्या आणि एखादा निवृत्त पोलीस किंवा सैनिक शिकवायला, एवढे पुरे. रस्त्यावर एकटी धावायला कचरणाऱ्या मुलीही मग बिनधास्त येतील. आयांनीही पदर खोचून चार पावले चालावे. गुडघे त्यांचेही दुखतात.

बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला. तो पेलायला शरीरही धडधाकट हवे. म्हणून गाणे जरूर लावा. पण ते संपल्यावरही पाऊल थांबू देऊ नका.

जय भीम!