व्हिसावर आलेले पाहुणे

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा या पट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात रमजानच्या महिनाभर आधी एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘यंदा जाणार का?’ कुठे, ते सांगावं लागत नाही. कुणाचा भाऊ शारजात असतो, कुणाचा नवरा जुबैलला, कुणाची मुलगी कुवेतच्या फरवानियात. आमच्या आजोबांच्या पिढीत आखातातून माणूस गावी यायचा आणि सारं गाव त्याला बघायला जमायचं. मुंबईहून आखाती बंदरांकडे जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत चालू होती. तिच्या डेकवर बसून कमवायला जाणारे जात, लेकरं घेऊन पाहुणचाराला कुणी जात नसे. आता ही उलटी वाटही चांगलीच रुळली आहे. गावाकडची माणसं कडेवरची मुलं घेऊन व्हिजिट व्हिसावर जातात आणि रमजानचे पंधरा-वीस दिवस, कधी अख्खा महिना, नातेवाइकाच्या घरी काढतात.

त्यांच्या हकिकती आपण ऐकतो. रोषणाई, खजुराचे प्रकार, मशिदीतली इफ्तार, मध्यरात्रीपर्यंत उघडी दुकानं. ज्यांच्या घरी ते राहिले, त्यांची बाजू मात्र क्वचितच ऐकू येते. पाहुण्यांबद्दल बोलणं म्हणजे कोतेपणा, असं आपण सगळेच मानतो. त्यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. म्हणून आज त्या घरांविषयी लिहिते.

कोकणातल्या घरात दहा माणसं जास्त झाली तर चटया वाढतात, एवढंच. ओटी आहे, पडवी आहे, माळा आहे. रात्री मूल रडायला लागलं तर कुणीतरी त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारतं. शारजातल्या रोल्ला भागात माझी मामेबहीण राहते. एक हॉल, एक झोपायची खोली, एका बाईपुरतं स्वयंपाकघर. नवरा-बायको दोघं नोकरी करतात आणि पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात जातो. मी तिच्याकडे दोनदा राहिले आहे, त्यातल्या एका खेपेला माझा मुलगा तीन वर्षांचा होता. तिथे मूल रडलं की अंगण म्हणजे लिफ्टसमोरची चार फरशांची जागा, आणि तिथेही पाच मिनिटांत नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, येऊन उभा राहतो.

त्यात रमजानचं घड्याळ. अमिरातीत कायद्यानेच रमजानमध्ये कामाचे दोन तास कमी होतात. दुपारी शहर पेंगतं, इफ्तारनंतर जागं होतं, तरावीहची नमाज, मग बाजार, मग थोडी झोप आणि पहाटेची सहेरी. मोठ्या माणसांना दोन-तीन दिवसांत याची सवय होते. लहान मुलांना होत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. आपलं घड्याळ अमिरातीच्या दीड तास पुढे आहे. श्रीवर्धनला सकाळी सहाला उठणारं मूल शारजात साडेचारला टक्क जागं होतं, म्हणजे नेमकं सहेरीच्या वेळी. घरातले फजरची नमाज पढून दोन तास पडू म्हणतात, तेव्हा हे खेळायला तयार असतं. सौदी आणि कुवेतमध्ये फरक अडीच तासांचा, म्हणजे तिथे हाच खेळ साडेतीनला सुरू होतो. संध्याकाळी उलट. इफ्तारची भजी तोंडात आहेत, सगळे गप्पांना बसलेत, आणि मूल झोपेने किरकिरं झालेलं. यात त्या मुलाचा काय दोष? पण सकाळी आठला कामावर पोचायचं असलेल्या रोजेदार मामाची झोप कुणी मोजायची?

दिवसभराचं तर विचारूच नका. रोजा मोठ्यांना, मुलांना दूध, नाश्ता, जेवण, चारचं खाणं सगळं लागतं. बहुतेक घरांत हे यजमान बाई करते, कारण पाहुणीला त्या घरातलं मीठ-साखर कुठे आहे हेही माहीत नसतं. पाहुणी बऱ्याचदा अंगावर पाजणारी असते. पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरियतने दिली आहे. प्रवाशालाही आहे, पण ती बेताची. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. एका ठिकाणी चार दिवस किंवा त्याहून अधिक राहायचं ठरवलं की शाफई मतानुसार माणूस प्रवासी उरत नाही. हनफींमध्ये ही मुदत पंधरा दिवसांची. तेव्हा वीस दिवसांच्या पाहुणीला प्रवासाची सवलत मिळत नाही, बाळंतिणीची मात्र मिळते. आणि तीच ती घेत नाही. परक्या घरात, यजमान बाई रोजा ठेवून ओट्याशी उभी असताना आपण जेवायचं कसं, हा संकोच. मग दुपारी तीनला ही चक्कर येऊन आडवी, आणि यजमानीण चार मुलं सांभाळते आहे. धर्माने सोपं केलेलं आपण लाजेपोटी अवघड करून ठेवतो, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पाहुणचारावरची एक हदीस आमच्याकडे जुम्याच्या बयानात नेहमी सांगितली जाते. पाहुण्याची खातिरदारी तीन दिवस, त्यापुढे जे कराल ते सदका, म्हणजे पुण्याचं दान. याच शिकवणीचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही : यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम पाहुण्याने करू नये. पहिला अर्धा यजमानासाठी आहे आणि दुसरा पाहुण्यासाठी. आपण पहिलाच पाठ केला. मराठीतला ‘अतिथी’ शब्दही बघा. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं आपण शाळेत शिकलो. व्हिसावरच्या पाहुण्याचं तसं नाही. त्याची जायची तारीख कागदावर असते, आणि अमिरातीत ती चुकली तर दिवसाला पन्नास दिरहम दंड. म्हणजे किती दिवस राहणार हे सरकार विचारतं. यजमानाने विचारलं तर मात्र राग येतो.

माझ्या बहिणीकडे एका रमजानमध्ये सासरची दोन कुटुंबं एकदमच आली. त्या एका खोलीत सहा वर्षांखालची पाच मुलं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, प्रत्येकाने आपापलं तिकीट काढलं होतं. अठराव्या दिवशी, सहेरीच्या वेळी, ‘आता पीठसुद्धा संपलं’ असं एक वाक्य बहिणीच्या तोंडून निघालं. ते गावात पोचेपर्यंत ‘तिने आमच्या मुलांच्या भाकरी मोजल्या’ असं झालं. दोन जावांमधलं बोलणं दोन वर्षं बंद होतं. दिराच्या लग्नात दोघी एकाच मांडवात पाठमोऱ्या बसल्या होत्या, मी बघितलं आहे.

त्यानंतर तिने एक पद्धत ठेवली. तिकीट काढायच्या आधी फोनवर चार गोष्टी ठरतात. कधी येणार आणि कधी जाणार. एका वेळी एकच कुटुंब. मुलांचं सकाळचं खाणं त्यांची आई करणार. स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी दाखवलं जातं, डबे उघडून. आणि मुलांचा प्रवासी विमा काढूनच निघायचं, कारण तिथे ताप-खोकल्याला डॉक्टर दाखवायचा खर्च आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासारखा नसतो. असरनंतर मुलांना बागेत न्यायचं काम तिने नवऱ्याकडे दिलं. इफ्तारआधीचा तो तास स्वयंपाकघर मोकळं लागतं. गावात तिला ‘हिशेबी’ म्हणू लागले. मला मात्र दिसतं ते असं : तेव्हापासून तिच्याकडे पाहुणे जास्त येतात, आणि येऊन गेलेले पुन्हा येतात. बोलणं बंद झालेली जाऊसुद्धा गेल्या खेपेला बारा दिवस राहून आली.

सगळ्यांना हेही जमत नाही, कारण सगळ्यांकडे अख्खं घर नसतं. आखातात मोठी संख्या त्यांची आहे जे एका खोलीत पाच-सहा जण, एकेका पलंगाचं भाडं भरून राहतात. अमिरातीत बायको-मुलांना कायम नेऊन ठेवायला किमान चार हजार दिरहम, किंवा राहायची सोय असल्यास तीन हजार, पगार लागतो. कुवेतने बंद असलेले फॅमिली व्हिजिट व्हिसा २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू केले, तेव्हा बायको-मुलांसाठी ४०० दिनार आणि इतर नातेवाइकांसाठी ८०० दिनार पगाराची अट होती. अटी नंतर सैल झाल्या. सौदीची गोष्ट आपल्या किनाऱ्याला सर्वांत जास्त लागली. तिथे जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झालं आणि दर वर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० वर पोचलं. बायको आणि तीन मुलं असतील तर वर्षाला १९ हजार २०० रियाल. दम्माम-जुबैलमधली कुटुंबं त्या तीन-चार वर्षांत सामान बांधून परत आली. आमच्या कॉलेजात अकरावीला अचानक अशी मुलं दिसू लागली ज्यांना अरबी अक्षरं येत होती, पण मराठीचा पेपर बघून घाम फुटायचा.

तीच कुटुंबं आता रमजानमध्ये व्हिजिटवर जातात. म्हणजे बाप यजमान आणि त्याचीच मुलं पाहुणी. त्याच्याकडे पलंग आहे, घर नाही. मग ज्या मित्राचं कुटुंब तिथे आहे, तो एक खोली रिकामी करून देतो. किंवा महिन्याभरासाठी पार्टिशन टाकलेली खोली घेतली जाते. म्हसळा तालुक्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबातला अडीच वर्षांचा मुलगा जुबैलला पोचल्यावर पहिले दोन दिवस मोबाइल हातात घेऊन ‘अब्बा लाव’ म्हणून रडत होता, आणि अब्बा समोर बसले होते. त्याच्या लेखी अब्बा फोनमध्ये राहायचे. तिसऱ्या दिवशी इफ्तारला त्याने आपल्या हाताने खजूर नेऊन त्यांच्या तोंडात घातला, असं त्याची आई सांगते. ज्या मित्राने खोली दिली होती, तो तो महिना हॉलमध्ये झोपत होता. अशा माणसाचं नाव कुठल्याच हकिकतीत येत नाही.

जेद्दावाल्यांचा प्रकार वेगळाच. रमजानमधल्या उमऱ्याचं पुण्य मोठं मानतात आणि मक्का तिथून साधारण ऐंशी किलोमीटरवर, त्यामुळे त्यांच्या घराची धर्मशाळा होते. एक तुकडी निघते, दुसरी उतरते. २०१८ मध्ये हरमैन रेल्वे सुरू झाल्यापासून निदान दर खेपेला गाडी घेऊन धावणं वाचलं. पण तवाफ करताना लहान मूल कुणी सांभाळायचं, याचं उत्तर आजही ‘भाभीकडे ठेवू या’ हेच असतं.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्याचाही या पाहुणचाराशी संबंध आहे. २०१८-१९ ला तो मे महिन्यात होता. आपल्याकडे शाळांना सुट्टी, त्यामुळे आखातातली घरं मुलांनी भरलेली, आणि बाहेर चाळीसच्या वर तापमान; मुलं दिवसभर एसीच्या खोलीत कोंडलेली. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. हवा छान, मुलांना बाहेर नेता येतं. पण इकडे परीक्षा. त्यामुळे शाळेत न जाणारी, म्हणजे सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त सांभाळावी लागणारी मुलंच आता रमजानात जातात. कुवेत-बहरीनमध्ये अर्ध्या रमजानला ‘गरगियान’ असतो. पोरं गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार गाणी म्हणतात, लोक त्यांना गोळ्या-सुकामेवा देतात. आमच्या शेजारची चार वर्षांची नात तिथून पिशवी भरून अक्रोड घेऊन आली आणि शिमग्याला सोंगं मागायला आली तेव्हा म्हणाली, हे तर गरगियानवालेच!

एवढं सगळं असूनही ही घरं दार का उघडतात? याचं उत्तर मला बॅगेत दिसलं. गावाहून जाणाऱ्या बॅगेत सोडे असतात, तांदळाचं पीठ, कोकमाचं आगळ, पोह्याचे पापड, फणसपोळी. बहिणीच्या घरी ती बॅग उघडली तेव्हा तिने सोड्यांची पिशवी नुसती हुंगून ठेवून दिली. इफ्तारला अजून तीन तास होते. आणि दुसरं उत्तर मुलांमध्ये. तिथे वाढलेली तिची नऊ वर्षांची मुलगी शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत हिंदी बोलते. घरच्या बोलीला उत्तर इंग्रजीतून. माझा मुलगा कॉर्निशवर पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘ओहोटी कधी लागणार?’ तिकडचा समुद्र आपल्यासारखा फर्लांगभर मागे हटत नाही. ‘ओहोटी’ म्हणजे काय, हे त्या मुलीला माहीत नव्हतं. पुढचे आठ दिवस तो तिला शिकवत होता. वाळूत रेघ मारून, पाणी इथवर येतं, मग इथवर जातं, मग आम्ही तिसऱ्या गोळा करतो. ती कोकणीत प्रश्न विचारू लागली. बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिच्या आईबापांनी फोनवरून सात वर्षं प्रयत्न केले होते.

यंदा तिच्याकडे तिची धाकटी नणंद जाते आहे. दोन मुलं, एक दीड वर्षाचं. मुक्काम चौदा दिवस, ईद गावीच. फोनवर सगळं ठरलं आहे. सहेरीनंतर मुलांना नणंदेने लिफ्टखालच्या मोकळ्या जागेत न्यायचं, हेसुद्धा. नणंदेने एकच अट घातली : अंगावर पाजते आहे, रोजे ठेवणार नाही, आणि दुपारी जेवताना कुणी माझ्याकडे बघायचं नाही. बहिणीने तिच्यासाठी ताट-वाटी वेगळी काढून ठेवली आहे. बॅगेत सोडे दोन किलो. मुंबई ते शारजा विमान तीन-साडेतीन तासांत पोचतं. श्रीवर्धनहून विमानतळापर्यंत त्याहून जास्त लागतात, त्यामुळे गाडी रात्री अकरालाच निघणार आहे.