छत्री टपावर नको, जमिनीवर

राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या टपावर टीव्हीचा अँटेना बसवायचा, ही रीत परदेशातून आली आणि तिथे ती बरोबरच आहे. युरोप-अमेरिकेत टीव्हीचं प्रक्षेपण आजही क्षितिजावरच्या उंच मनोऱ्यांवरून होतं. मनोरा दूर असतो, मध्ये घरं-झाडं-टेकड्या येतात, म्हणून अँटेना जितका उंच तितकं चित्र स्वच्छ. आपल्याकडेही काड्यांचे अँटेने लांब बांबूला बांधून धाब्यावर चढवले जायचे ते याच कारणासाठी. पण तो काळ संपला. दूरदर्शननं जुन्या पद्धतीचं भू-प्रसारण टप्प्याटप्प्यानं बंद केलं. ३१ मार्च २०२२ पर्यंत सीमाभागासारखी मोजकी ठिकाणं सोडून देशभरचे असे जवळपास सगळे प्रक्षेपक थांबले. काही मोठ्या शहरांत डिजिटल भू-प्रसारण आलं, पण परतवाड्यात किंवा वर मेळघाटात मुक्काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. इथे टीव्ही म्हणजे उपग्रह, आणि महिन्याचे पैसे न भरता बघायचा तर डीडी फ्री डिश. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या राज्यात वाढू लागल्या आहेत. त्यांच्या टपावरचा जुना अँटेना काढून तिथेच डिशची छत्री ठोकायची, एवढाच ‘बदल’ बहुतेकांना सुचतो. माझं म्हणणं असं की ही जागाच चुकीची आहे. छत्री गाडीवरून उतरवून जमिनीवर, तिकाटण्यावर उभी करावी.

पहिलं कारण भूमितीचं आहे. फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर आहे. परतवाडा साधारण २१.३ उत्तर अक्षांश आणि ७७.५ पूर्व रेखांशावर येतं. हिशेब मांडला की इथून तो उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे १४२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. म्हणजे सातपुड्याचे डोंगर, जे गावाच्या उत्तरेला उभे आहेत, ते छत्रीच्या पाठीमागे राहतात. अगदी घाटातल्या गावात दक्षिणेला टेकडी असली, तरी ५९ अंशांची नजर तिच्या डोक्यावरून सहज जाते. मनोऱ्याच्या काळात ज्या डोंगरानं मेळघाटचं चित्र अडवलं, तो आता अडवत नाही. मग उंचीनं मिळतं काय? दहा मीटर उंचीचं झाड छत्रीच्या आग्नेयेला असेल, तर जमिनीवरची छत्री त्याच्यापासून सहा मीटर लांब असली की पुरे. तीच छत्री तीन मीटर उंच टपावर ठेवली, तर हे अंतर सव्वाचार मीटरवर येतं. टपावर चढवून पदरात पडतात ते एवढेच, पावणेदोन मीटर. चार पावलं चालून जे मिळतं त्यासाठी टपाच्या पत्र्याला भोकं पाडायची आणि पुढे दर पावसाळ्यात त्या भोकांना सील लावत बसायचं, हा सौदा शहाणपणाचा नाही.

दुसरं कारण उन्हाचं, आणि वऱ्हाडात ते सगळ्यांत वजनदार आहे. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याची गाडी उघड्यावर उभी करून आत कोणी बसू शकत नाही. गाडीला सावली लागते आणि छत्रीला मोकळं आभाळ लागतं. टपावर छत्री पक्की केली की दोन्हींतलं एक सोडावं लागतं. सागाखाली किंवा आंब्याखाली गाडी लावली तर चित्र जातं, चित्रासाठी गाडी उन्हात काढली तर माणसं शिजतात. उन्हाळ्यात मेळघाटचा साग निष्पर्ण होतो तेव्हा फांद्यांतून थोडंफार चित्र येईलही. पण पहिल्या पावसानंतर तो भरगच्च पानावर येतो आणि ओल्या पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं. जमिनीवरची छत्री मात्र पंधरा-वीस मीटर तार सोडून सावलीच्या बाहेर नेता येते. एवढ्या लांबीच्या तारेत चित्र मरतं ही भीती पुष्कळांच्या मनात असते. चांगली आरजी-६ केबल असेल आणि टोकाचे कनेक्टर नीट बसवलेले असतील, तर वीस मीटरमध्ये होणारी घट छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबीच भरून काढतो. सिग्नल तारेत शिरण्याआधी तो लाखो पटींनी वाढवलेला असतो. बिघाड होतो तो लांबीनं कमी आणि सैल, ओल्या, गंजलेल्या जोडानं जास्त.

तिसरं कारण कलण्याचं. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. नेम मध्यापासून दीड अंश सरकला की मिळणारी ताकद अर्ध्यावर येते. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एका बाजूची चाकं फक्त चार सेंटिमीटर रुतली तरी टप दीड अंश कलतो. परतवाड्याभोवतीची काळी जमीन पावसात किती रुतते हे इथल्या माणसाला सांगायला नको, एका रात्रीत चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. शिवाय गाडी स्प्रिंगांवर उभी असते. आत कोणी या टोकाहून त्या टोकाला गेलं तरी ती थोडी झुकते. उभ्या गाडीखाली जॅक लावून हे आवरता येतं, पण मग रोज संध्याकाळी तेवढी कसरत आली.

जमिनीवरच्या कामाची पद्धत इथे जवळून बघण्यासारखी आहे, कारण सगळा वाद शेवटी तिथे सुटतो. छत्रीला तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. किती वर बघायचं, कोणत्या दिशेला बघायचं आणि एलएनबीच्या मानेला किती पीळ द्यायचा. तिन्ही एकदम शोधत बसलं की तास जातो. पण ज्या नळीवर छत्री बसते ती नळी ठार उभी असेल, तर पहिली आणि तिसरी गोष्ट एकदाच ठरवून खुणेनं बांधून टाकता येते. नळी उभी आहे का हे बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. एकदा समोरून आणि एकदा काटकोनात बाजूनं दोरी धरायची, तिकाटण्याच्या पायाखाली चपटा दगड सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी नळी दोरीला समांतर झाली की थांबायचं. छत्रीच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, तिथे ५९ वर बोल्ट कसायचा. आता फक्त फिरवणं उरतं. होकायंत्र गाडीपासून दोन-चार मीटर लांब धरावं, नाहीतर गाडीचं लोखंड सुई ओढतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाही, म्हणून सुई दाखवेल तेच धरून चालावं.

नवख्याची फसगत होते ती छत्रीच्या तोंडावरून. या तबकड्या तिरक्या नेमाच्या असतात, एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे तबकडी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. माणसाला वाटतं, ही तर समोरच्या भिंतीकडे बघतेय, म्हणून तो ती आणखी मागे पाडतो आणि उपग्रह हातचा घालवतो. दुसरी फसगत पडद्यावरच्या दोन पट्ट्यांची. सेट टॉप बॉक्स ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दाखवतो. पहिली पट्टी छत्री रिकाम्या आभाळाकडे बघत असली तरी भरलेली दिसते, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही ती मोजते. खरं बोलते ती क्वालिटीची पट्टी. छत्री बोटभर फिरवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला ओळख पटवायला तेवढा वेळ लागतो. घाईनं भर्रकन फिरवणाऱ्याच्या हातून बरोबर जागा दोनदा निसटते. पूर्व रेखांश ९५ अंशांवर दुसरा उपग्रह अगदी शेजारी आहे, त्याचा नेम लागला तर पट्टी वाढूनही फ्री डिशचे चॅनल येत नाहीत, तेव्हा किंचित परत यावं लागतं. पट्टी शिगेला पोचली की बोल्ट आळीपाळीनं थोडेथोडे कसायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि जमलेलं बिघडतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो कष्टाचा. रोज नव्या मुक्कामी हे कोण करणार? पण अंश काय सांगतात ते पाहावं. अकोला, अमरावती, परतवाडा, चिखलदरा, सगळीकडे वरचा कोन ५९ ते ६० च्या आतच राहतो आणि दिशा १४० ते १४२ च्या दरम्यान. म्हणजे वऱ्हाडात फिरणाऱ्याला वरचा बोल्ट हलवायचं कारणच पडत नाही. ओळंबा लावला आणि फिरवलं, झालं. मुंबईहून निघालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे वरचा कोन साडेसत्तावन्न आणि दिशा १३१ च्या आसपास असते, म्हणून तिथला नेम इथे चालत नाही. टपावर बसवलेल्या छत्रीलाही तो तसाच बदलावा लागतो, फरक एवढाच की शिडीवर चढून.

यापेक्षा तगडा आक्षेप म्हणजे स्वतः उपग्रह शोधणारी, घुमटात बसवलेली यंत्रं. बटण दाबलं की ती फिरून नेम धरतात, कलली गाडी सावरून घेतात. वयस्कर जोडप्याला, गुडघ्याच्या दुखण्यानं वाकता न येणाऱ्याला किंवा रोज रात्री जागा बदलणाऱ्याला ती सोयीची आहेत, हे मी मान्य करतो. पण घुमटात मावायला आतली तबकडी लहान करावी लागते. चाळीस सेंटिमीटरची तबकडी साठच्या तबकडीच्या निम्म्याहून कमी सिग्नल गोळा करते. कोरड्या हवेत ते खपून जातं, पावसात नाही. त्यात अशी बरीच यंत्रं युरोपातल्या उपग्रहांसाठी बनलेली असतात. त्यांच्या स्मृतीत आपला उपग्रह घालता येतो का, हे विकत घेण्याआधी विचारलंच पाहिजे. आणि झाडाखाली उभ्या गाडीवर सगळ्यांत महागडं यंत्रसुद्धा आंधळंच.

वारा, गुरं, वानरं आणि चोरी हे आक्षेप मी हलके मानत नाही, पण त्यांवर उपाय स्वस्त आहेत. वीस लिटरचा पाण्याचा कॅन तिकाटण्याच्या मध्ये टांगला की वीस किलो वजन आलं. पायांना खुंट्या मारल्या की वळवाच्या वाऱ्यातही छत्री टिकते. तार जमिनीवर लोळत न ठेवता कडेनं, दगडाखाली दाबून न्यावी. चिखलदऱ्याच्या वानरांचं म्हणाल तर त्यांना जमिनीपेक्षा टपच जास्त आवडतो.

उरतो मोबाइलवाल्यांचा प्रश्न. टीव्ही हवाच कशाला? परतवाड्याच्या बाजारात उभं राहून तो प्रश्न पटतो. सेमाडोहच्या पुढे, धारणीच्या रस्त्याला लागल्यावर नेटवर्क कुठे असतं आणि कुठे नसतं, मग तो टिकत नाही. मेळघाटात कितीतरी वस्त्यांना आजही फोनवर बोलायला विशिष्ट जागी जावं लागतं. उपग्रहाला तसा भेदभाव करता येत नाही. त्याच्या लहरी रस्त्याकडेच्या धाब्यावर, बहिरमच्या यात्रेतल्या राहुटीवर आणि कोरकू पाड्यावरच्या घरावर सारख्याच पडतात. बातम्या, हवामान, सह्याद्री वाहिनी, सगळं महिन्याच्या पैशांविना. माझ्या लेखी हा सार्वजनिक हक्काचा भाग आहे. तो फक्त महागड्या गाडीत राहणाऱ्यांचा नाही. म्हणूनच मला जमिनीवरचं तिकाटणं महत्त्वाचं वाटतं, कारण ते घुमटाच्या किमतीच्या एका लहानशा अंशात उभं राहतं आणि महिनाभर यात्रेत दुकान मांडणाऱ्यालाही परवडतं.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचं असेल तर साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री न्यावी. ती सव्वादोन पट सिग्नल गोळा करते आणि साध्या पावसात चित्र धरून ठेवते. ढगफुटीसारख्या सरीत तेही जाईल, सर ओसरली की परत येईल. मोठ्या छत्रीची नजर मात्र अरुंद, जेमतेम दोन अंशांची, त्यामुळे तिला ओळंबा आणखी काटेकोर लागतो आणि ती वाराही जास्त धरते. तिच्यासाठी एका कॅनऐवजी दोन कॅन टांगावे.