टिळकवाडीच्या ताटात सीमा कुठे आहे?
बेळगाव-निपाणी पट्ट्यातील खानावळी, मिसळ आणि गिरमिटाची उकल

गोव्यातून बेळगावला जाणाऱ्यांची कारणे ठरलेली असतात. कुणाला बाजार करायचा असतो, कुणाचा मुलगा तेथील महाविद्यालयात शिकत असतो, तर कुणाचा नातेवाईक केएलईच्या इस्पितळात दाखल असतो. चोर्ला घाट चढून गेलेला गोमंतकीय दुपारी जेवायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर येणारे ताट त्याला ओळखीचेही वाटते आणि परकेही. भाकरी आहे, पण पापडासारखी कडक. भरले वांगे आहे, पण त्याला वाढपी ‘येण्णेगाई’ म्हणतो. हे असे का, याचे उत्तर पाककृतीच्या पुस्तकापेक्षा या शहराच्या घडणीत अधिक सापडते. त्यासाठी टिळकवाडी हे उपनगर पाहणे सोयीचे ठरते.

जुने बेळगाव किल्ल्याच्या आणि गल्ल्यांच्या आश्रयाने वाढले. कॅम्प लष्कराचा, तर लगतचे शहापूर सांगली संस्थानाच्या अखत्यारीतले आणि विणकरांचे. टिळकवाडी ही या साऱ्याच्या दक्षिणेला, लोहमार्गाच्या कडेने वसलेली मध्यमवर्गीय वस्ती. आजही तेथे पत्ता सांगताना पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे फाटक अशाच खुणा दिल्या जातात. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच भागात भरले. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर ही नावे त्याचीच आठवण आहेत. पुढे राणी पार्वतीदेवी, जीएसएस, गोगटे अशी महाविद्यालये येथे उभी राहिली आणि विद्यार्थ्यांची वस्ती वाढली. पु. ल. देशपांडे यांनीही काही काळ राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले होते.

विद्यार्थी आले की खानावळ येते. येथील खानावळीचा पाया ‘मेंबर’ हा असतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि दोन वेळ जेवायचे, ही ती पद्धत. हॉटेलमालकाला उद्या किती गिऱ्हाईक येईल हे ठाऊक नसते. खानावळवालीला ते ठाऊक असते. त्यामुळे अन्न वाया जात नाही, दर आवाक्यात राहतो आणि रोज वेगळी भाजी करणे परवडते. घराच्या पुढच्या खोलीत चार बाके टाकून संसार सावरलेल्या अनेक स्त्रियांचा हा व्यवसाय आहे. गोव्यात फिश-थाळीचे जे स्थान, तेच येथे या साध्या ताटाचे.

या ताटाच्या दोन मुख्य परंपरा आहेत. पहिली लिंगायत खानावळीची. ती पूर्णपणे शाकाहारी. ज्वारीची भाकरी मऊ हवी की कडक, हे आधी विचारले जाते. कडक भाकरी वाळवलेली असल्याने कित्येक दिवस टिकते. कोरड्या मुलखातल्या प्रवासी आणि शेतकरी जीवनातून ती आली. सोबत येण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कच्चा कांदा. दुसरी परंपरा सावजी खानावळीची. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची ही मांसाहारी पद्धत हुबळीपासून बेळगावपर्यंत पसरली आहे. तिचा रस्सा तांबडा, तेलाचा तवंग असलेला आणि झणझणीत असतो. नारळाच्या रसावर वाढलेल्या गोमंतकीय जिभेने पहिल्या खेपेला रस्सा बेतानेच मागवावा.

न्याहारीच्या गाड्यांवर आणि छोट्या उपाहारगृहांत भाषांची सरमिसळ अधिक स्पष्ट दिसते. आपण ज्याला उपमा म्हणतो, ते येथे मराठी घरांतही ‘उप्पीट’ असते. हा शब्द कन्नडमधील ‘उप्पू’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टू’ म्हणजे पीठ यांपासून झाला. संध्याकाळचा राजा म्हणजे गिरमिट. परतलेला कांदा-टोमॅटो, चिंच-गुळाचे पाणी आणि हळद यांचा मसाला चिरमुऱ्यांत कालवतात, त्यावर फुटाण्याच्या डाळीचे पीठ भुरभुरतात आणि शेजारी मिरची भजी ठेवतात. भेळेशी त्याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की भेळ कच्च्या चटण्यांवर उभी असते, तर गिरमिट शिजवलेल्या मसाल्यावर. म्हणून ते कालवल्याबरोबर खावे लागते. बांधून नेले तर त्याचा लगदा होतो.

बेळगावहून महामार्गाने उत्तरेकडे निघाले की ताट हळूहळू बदलते. वाटेत संकेश्वर लागते. तेथील मिरची तिखटपणासाठी प्रसिद्ध आहे, तर हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची रंगासाठी. कोल्हापुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कांदा-लसूण मसाल्यात संकेश्वरी मिरचीला मान आहे. म्हणजे महाराष्ट्राची ओळख ठरलेल्या चवीतील तिखट बऱ्याच अंशी कर्नाटकाच्या मातीतून येते. निपाणीला पोहोचेपर्यंत मिसळ आणि कटवडा यांचे राज्य सुरू झालेले असते. निपाणी ही तंबाखूची पेठ. पहाटे बाजारात येणारा शेतकरी, हमाल आणि वखारीतला कामगार यांना स्वस्तात पोट भरणारे आणि तरतरी आणणारे खाणे हवे होते. तिखट कट, मटकी आणि पाव यांनी ती गरज भागवली. 1981 च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने या गावाचे नाव देशभर गेले. त्या कष्टकरी निपाणीचीच ही न्याहारी आहे. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. विद्यार्थी एका राज्यात तास संपवून दुसऱ्या राज्यात चहा पितो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

गोडाबाबत बेळगावची ओळख कुंदा आणि मांडे ही आहे. कुंदा करताना दूध आटवत असतानाच किंचित दही घालून ते रवाळ करतात आणि साखरेच्या पाकाने त्याला तपकिरी रंग येतो. कॅम्पातील पुरोहितांचा कुंदा गोव्यात अनेक घरांत पोहोचलेला आहे. मांडे मात्र दुकानातून आणले तरी घडताना पाहावेत. गव्हाच्या मऊ कणकेत साखरेचे सारण भरून ती हातांवर झुलवत कापडासारखी पातळ करतात, पालथ्या भांड्यावर भाजतात आणि घडी घालतात. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा मराठी घराघरात सांगितली जाते. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार तर रोजचाच. तो पदार्थ प्रत्यक्ष पानात वाढणारे शहर आज कर्नाटकात आहे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 2024 च्या कायदा दुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानांच्या फलकावर 60 टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. भाषेच्या हक्काचा हा लढा गंभीर आहे आणि त्याची तड न्यायालयात व लोकशाही मार्गानेच लागायला हवी. परंतु फलकाच्या आतले वास्तव वेगळे आहे. मालक कन्नड बोलतो, वाढपी मराठीत विचारतो, गिऱ्हाईक हिंदीत उत्तर देते आणि हिशेब तिन्ही भाषांत होतो. पुलंच्या ‘रावसाहेबां’मुळे मराठी वाचकाला परिचित झालेली ती कानडी वळणाची मराठी आजही ऐकायची असेल, तर तिचे ठिकाण सभागृहापेक्षा खानावळीचे बाक हेच आहे.

आज धोका आहे तो या बाकालाच. जागांची भाडी वाढली, मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, मोबाइलवरून जेवण मागवणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याचे बंधन नको आहे. काँग्रेस रोडवर आणि खानापूर रोडवर वातानुकूलित कॅफे वाढत आहेत. त्यांत वावगे काही नाही. तरुणांना तासभर निवांत बसायला जागा हवीच असते. मात्र कॅफेत प्रत्येक टेबल स्वतंत्र असते. खानावळीत अनोळखी माणसाच्या शेजारी बसून त्याच्याकडे मीठ मागावे लागते. दोन भाषांचे लोक एकमेकांना ओळखतात ते अशा मागण्यांतून.

गोमंतकीय वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज वारसा एकाच पावात सामावून घेणारा हा प्रदेश आहे. तेव्हा पुढच्या खेपेला बेळगावला गेल्यावर महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलाऐवजी टिळकवाडीतील एखादी खानावळ शोधावी. दुपारी एकच्या सुमारास जावे, कारण भाकरी तेव्हा ताजी असते आणि अडीचनंतर बहुधा भाजी संपते. कडक भाकरी मोडून उसळीत भिजवावी, घाई करू नये. जाताना वाढपणाऱ्या बाईंना भाजीचे नाव विचारावे. त्या बहुधा दोन नावे सांगतील. दोन्ही लक्षात ठेवावीत.