पीव्हीसीचे चार दाणे

पीव्हीसी आणि ॲसिटल हे दोन दाणे एका बॅरलमध्ये एकत्र येता कामा नयेत. इंजेक्शन मोल्डिंगच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण भोसरी, चाकण, वसईच्या गाळ्यांमध्ये मशीनवर उभी राहणारी सगळीच मुलं मुरलेली नसतात. कालपर्यंत दुसरंच काम करणारा हेल्पर आज रात्रपाळीला हॉपरमध्ये दाणा ओतत असतो. ‘या दोन पिशव्या मिसळू नकोस’ एवढं सांगून त्याला सोडून देणं मला पुरेसं वाटत नाही. मिसळल्या तर काय होतं आणि का होतं, हे त्याला कळलं पाहिजे. कारण कळलं की नियम घाईतही आठवतो.

ॲसिटल म्हणजे पॉलिऑक्सिमिथिलीन, थोडक्यात पीओएम. बाजारात त्याला सर्रास डेलरिन म्हणतात, ते खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव. जाकिटाची जाड दातांची चेन, प्रिंटरमधली छोटी दंतचक्रं, इन्सुलिनच्या पेनातले सरकते भाग अशा अनेक वस्तू यातून बनतात. टणक, गुळगुळीत आणि तेलाशिवाय एकमेकांवर सरकणारं हे प्लास्टिक वापरणाऱ्याला कसलाही त्रास देत नाही. पिशवीतला कोरा दाणाही निरुपद्रवी असतो. धोका आहे तो दाण्यापासून वस्तू होण्याच्या मधल्या काही मिनिटांत, जेव्हा तो बॅरलमध्ये वितळलेला असतो.

पीओएमची रेणूसाखळी फॉर्मल्डिहाइडच्या रेणूंनी गुंफलेली असते. एक कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा कार्बन, पुन्हा ऑक्सिजन. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्ह यांना १८५९ मध्येच असा पदार्थ मिळाला होता. १९२० च्या दशकात जर्मनीत हेरमान श्टाउडिंगर यांनी त्याचा कसून अभ्यास केला. पण तापवला की तो टिकायचा नाही, पुन्हा फॉर्मल्डिहाइडचा वायू होऊन उडून जायचा. माळेचा दोरा टोकाशी मोकळा असला तर मणी एकामागून एक ओघळतात, तसंच हे. ड्यूपाँटच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात या माळेच्या दोन्ही टोकांना रासायनिक गाठ मारली आणि १९६० मध्ये डेलरिन बाजारात आलं. दोनच वर्षांनी सेलानीज कंपनीने दुसरी युक्ती केली. माळेत मधूनमधून वेगळ्या जातीचे मणी ओवले, म्हणजे ओघळ सुरू झाली तरी पुढच्या अशा मण्यापाशी ती थांबते. आज कारखान्यांत हे दोन्ही प्रकार चालतात. पहिला साधारण १७५ अंश सेल्सिअसला वितळतो, दुसरा १६५ च्या आसपास.

आम्लापुढे मात्र या गाठींचं काही चालत नाही. आम्ल टोकाला हात लावत नाही, दोरा मधेच तोडते. पीव्हीसी नेमकं हेच आम्ल पुरवतं. पीओएमचं काम १९० ते २१५ अंशांच्या दरम्यान चालतं. एवढ्या तापमानाला पीव्हीसी बॅरलमध्ये रेंगाळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो. त्याने पीओएमची साखळी तुटते आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो. त्यातल्या काहीचं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन फॉर्मिक आम्ल बनतं, आणि ते उरलेली साखळी तोडायला लागतं. सुरुवात करायला म्हणूनच मूठभर पीव्हीसीही लागत नाही. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेली ज्वालारोधक द्रव्यं आणि चुकीचे आम्लधर्मी रंग यांच्यापासूनही पीओएम दूर ठेवायचं ते याच कारणासाठी.

आता थोडा हिशेब करून पाहू. एक किलो पीओएम घन असताना पाऊण लिटरपेक्षाही कमी जागा व्यापतं. ते सगळं विघटित झालं तर साध्या तापमानालाही ८०० लिटरच्या वर वायू होतो, तापलेल्या बॅरलमध्ये त्याहून कितीतरी जास्त. नोझल तुंबलेलं असेल तर या वायूला जायला वाट नसते. दाब वाढत जातो, स्क्रू आपोआप मागे ढकलला जातो आणि शेवटी वितळलेलं प्लास्टिक नोझलमधून किंवा उलट हॉपरच्या तोंडातून उसळून बाहेर येतं. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आणि हात भाजतात.

स्फोट झाला नाही तरी वायू उरतोच. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच गाळा घ्या. दारं-खिडक्या बंद आहेत आणि फक्त दहा ग्रॅम पीओएमचं विघटन झालं आहे असं समजा. वायू सगळीकडे सारखा पसरला तर हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण दहा लाखांत १६ भाग होईल. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची कायदेशीर मर्यादा आहे दहा लाखांत ०.७५ भाग, आणि पंधरा मिनिटांसाठी २. दहा लाखांत २० भाग म्हणजे जिवाला तत्काळ धोका, असं तिथली नायोश ही संस्था मानते. दहा ग्रॅम म्हणजे रनरचा, साच्याच्या वाटेत गोठलेल्या मालाचा, एखादा तुकडा!

फॉर्मल्डिहाइड आपल्या ओळखीचा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात बुडवून ठेवलेले असत, ते फॉर्मॅलिन म्हणजे याच वायूचं पाण्यातलं द्रावण. २०१८ मध्ये गोव्यात मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयावरून बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली गेली, तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. मासळीबद्दल आपण जेवढे सावध झालो, तेवढं लक्ष रोज आठ-बारा तास मशीनशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाकडेही जायला हवं.

डोळे चुरचुरणं आणि घशात खवखवणं ही पहिली खूण. पण नाकावर फार काळ विसंबता येत नाही, वासाची सवय होते. बाहेरून आलेला माणूस दारातच खोकतो आणि आतला म्हणतो, ‘नेहमीचाच वास आहे.’ अशा वेळी आतल्याचं नव्हे, बाहेरून आलेल्याचं ऐकावं. दुसऱ्या खुणा मशीनवर दिसतात. नोझलमधून फेसाळ माल गळतो, वस्तूवर तपकिरी रेषा उमटतात, स्क्रू आपला आपण मागे सरकतो. यांतलं काहीही दिसलं की हीटर बंद करायचे, बॅरल मोल्डपासून मागे घ्यायची म्हणजे नोझल मोकळं राहील, आतला माल काढून पाण्याच्या बादलीत टाकायचा, दारं उघडायची. हे करताना नोझलच्या समोर उभं राहायचं नाही आणि हॉपरवर वाकायचं नाही. नोझल तुंबलं असेल तर बत्तीने तापवून सळईने टोचण्याचा मोह होतो. त्याच क्षणी आतला दाब मोकळा होतो, आणि टोचणारा ऐन तोंडावर असतो. तुंबलेल्या मशीनचे हीटर बंद करून सगळ्यांनी लांब जावं आणि ती थंड होऊ द्यावी. धुळीचा कापडी मास्क या वायूला अडवत नाही, त्यासाठी फॉर्मल्डिहाइडचं कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो.

आगीच्या बाबतीत हे प्लास्टिक फार फसवं आहे. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्सिजन आहे. बहुतेक प्लास्टिकं पिवळ्या ज्वाळेने आणि काळ्या धुराने जळतात, हे मात्र फिकट निळ्या ज्वाळेने, काजळीशिवाय जळतं. भर दिव्याच्या उजेडात ती ज्वाळा दिसतही नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, याला जळत राहायला १५ टक्क्यांच्या आसपासही पुरतो. पर्ज केलेले, म्हणजे बॅरलमधून बाहेर काढलेले, गरम गोळे जमिनीवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात न टाकता पाण्यात टाकायचे ते यासाठी. रनरचा भंगार माल चुलीत किंवा शेकोटीत तर कधीच जाऊ नये.

आपल्याकडे यात लाइट जाण्याची भर पडते. वीज गेली की स्क्रू थांबतो आणि वितळलेला माल आत अडकतो. वीज परत आल्यावर सगळे हीटर एकदम चालू केले तर बॅरलमधला माल तापतो, पण नोझलमधला गोठलेलाच राहतो, आणि पुन्हा तीच बंद कोंडी तयार होते. म्हणून आधी नोझल तापवून मोकळं करायचं, मगच बॅरल पूर्ण तापमानाला न्यायची. जेवणाच्या सुट्टीसाठी मशीन थांबवतानाही बॅरल भरलेली ठेवून निघून जायचं नाही. माल काढायचा, तापमान उतरवायचं, मोठी सुट्टी असेल तर पॉलिथिन फिरवून बॅरल साफ करायची. पीव्हीसीच्या कामानंतर पीओएम लावायचं असेल, किंवा उलट, तर मध्ये पॉलिथिनचा पर्ज हवाच. स्क्रू काढून साफ करणं त्याहून चांगलं, आणि दोघांना वेगळ्या मशीन देणं सर्वांत चांगलं.

खरी पंचाईत रीग्राइंडमध्ये, म्हणजे दळून पुन्हा वापरायच्या मालात आहे. ग्राइंडरमधून निघालेला पांढरा चुरा पाहून तो कशाचा हे सांगता येत नाही. पाण्यात टाकूनही कळत नाही, कारण पीओएमची घनता १.४१ आणि कडक पीव्हीसीचीही जवळपास तेवढीच, दोन्ही बुडतात. तांब्याची तार मात्र निवाडा करते. तार ज्वाळेत लाल करायची, संशयित तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्वाळेत धरायची. ज्वाळा हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही चाचणी गाळ्याबाहेर, उघड्यावर, नखाएवढ्या तुकड्यावर आणि सुपरवायझरच्या देखरेखीखाली करावी. ज्या चुऱ्याच्या पिशवीवर नाव नाही, तो पीओएमच्या मशीनला लावूच नये.

रेझिन पुरवणारी कंपनी सुरक्षिततेचा तक्ता देते. तो बहुतेकदा इंग्रजीत असतो आणि ऑफिसच्या फायलीत राहतो. त्याची मराठी आणि हिंदी प्रत मशीनला, ऑपरेटरच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. त्यावर मोठ्या अक्षरांत असावं: बॅरलचं कमाल तापमान, माल आत किती मिनिटं थांबू शकतो, लाइट आल्यावर आधी कोणता हीटर लावायचा, आणि वास आला तर रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा.