नगरातील वृक्षांचे कैवारी

नगर वाढू लागले की रस्ते रुंद करावे लागतात आणि कडेचे जुने वृक्ष संकटात सापडतात. लोकांना रस्ता हवा, तशी सावलीही हवी. मग निर्णय कोणी करावा?

यासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. त्यानुसार महानगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. वृक्षसंवर्धनाचा अनुभव असलेल्या नागरिकांच्या संस्थांचे प्रतिनिधीही नगरसेवकांबरोबर त्यात बसू शकतात.

दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे प्राधिकरणाचे एक काम होय. दुसरे काम अधिक नाजूक आहे. कोणी वृक्ष तोडण्याची परवानगी मागितली, तर तशी सूचना वर्तमानपत्रात देतात व त्या वृक्षावरही लावतात. ती वाचून कोणाही नागरिकास हरकत घेता येते. वृक्ष खरोखर धोकादायक आहे काय, तो राखून काम साधेल काय, असे प्रश्न जाणकार सभासद विचारतात आणि आपला सल्ला देतात. पन्नास वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या वृक्षांना तर २०२१ च्या दुरुस्तीने वारशाचा मान दिला आहे.

पन्नास वर्षांचा वृक्ष एका दिवसात पडतो. तसा दुसरा उभा राहण्यास पुन्हा पन्नास वर्षे लागतात. म्हणून खोडावरचा तो कागद वाचणे आणि वेळेवर आपले मत कळविणे, हे नागरिकाचे कर्तव्यच होय.